रानातील पहिला धडा

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांच्या कर्तृत्वाचा उगम कोठे झाला, हे शोधण्याचा मोह वाचकास होतोच. सेनापतीच्या चरित्रात तो आपण आखाड्यात शोधतो, गायकाच्या चरित्रात गुरुगृही. परंतु ज्यांनी पशुपक्ष्यांविषयी लिहिले आणि ज्यांनी त्यांची छायाचित्रे घेतली, त्यांच्या जीवनाचा उगम बहुधा शाळा सुटल्यानंतरच्या वेळात सापडतो. घरामागील झाडी, गावाबाहेरचा माळ, नदीचा काठ किंवा परसातील एखादी चिमणी, येथे त्यांचा पहिला धडा झालेला असतो. हा धडा कसा होतो, आणि तो आयुष्यभर पुरेल इतका खोल का रुजतो, ह्याचा थोडासा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. लहानपणी निसर्ग कोणी पाहिला नाही? चिमणी पाहिली नाही, मुंग्यांची रांग पाहिली नाही, असे मूल शोधूनही सापडावयाचे नाही. मग त्यांतील एखादाच निसर्गाचा लेखक का होतो? आम्हांस असे वाटते की, नुसती भेट पुरेशी नसते. त्या भेटीनंतर दोन गोष्टी घडाव्या लागतात. मुलाने विचारलेल्या प्रश्नास उत्तर देणारे कोणी वडीलधारे माणूस भेटावे लागते. आणि जे पाहिले ते टिपून ठेवण्याची सवय मुलास लागावी लागते. कुतूहल सर्वांनाच असते. ते जगविणारे माणूस आणि साठविणारी वही मात्र सर्वांना मिळत नाही.

पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली (१८९६–१९८७) ह्यांची गोष्ट प्रसिद्धच आहे. मुंबईत मामांच्या घरी वाढणाऱ्या ह्या पोरक्या मुलाने खेळण्यातल्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असा प्रश्न मुलाने केला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी ह्यांनी तो हसण्यावारी नेला नाही. त्यांनी मुलास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील चिटणीस मिलर्ड साहेबांनी पक्षी तर ओळखलाच, शिवाय भुसा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे एकामागून एक उघडून दाखविले. एका प्रश्नाच्या मोबदल्यात त्या मुलास शेकडो पक्षी पाहावयास मिळाले.

ह्याच मुलाचे त्या वयातील एक टिपणही उपलब्ध आहे. तबेल्यातील घरट्याजवळ बसणारा चिमणा त्याने मारला, तर मादीने लगेच दुसरा जोडीदार मिळविला. तो मारला तर तिसरा आला. सात दिवसांत आठ चिमणे, असा हिशेब त्याने लिहून ठेवला होता. पुढे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सलीम अलींनी हे टिपण मुद्दाम दिले आहे. त्या वयातील शिकारीची हौस आज आपणांस रुचणार नाही. पण एवढ्याशा मुलाने पाहिलेले मोजले आणि मोजलेले लिहिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता आपल्या भाषेतील उदाहरण घेऊ. मारुती चितमपल्ली ह्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापूर येथे झाला. सोलापूर हा गिरण्यांचा आणि कमी पावसाचा मुलूख. तेथे घनदाट अरण्य कोठून असणार? परंतु त्यांची आई आणि मामा ह्यांना रानवाटांची ओळख होती. झाडांची, पाखरांची नावे मुलाच्या कानांवर प्रथम पडली ती त्यांच्या तोंडून. पुढे कोइमतूर येथे वनविद्येचे शिक्षण घेऊन चितमपल्ली वनखात्यात गेले, आणि कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा ठिकाणी त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली. नोकरीत असतानाही त्यांनी बालपणीचीच रीत सोडली नाही. नवेगावच्या तळ्यावरील ढीवरांना आणि रानातील आदिवासींना ते नावे विचारीत राहिले. संस्कृत ग्रंथांतील पशुपक्षी कोणते हे कळावे म्हणून त्यांनी प्रौढपणी संस्कृताचे अध्ययन केले.

ह्या नावे विचारण्याच्या छंदाचा लाभ मराठी भाषेस झाला. कावळ्यांच्या सामुदायिक वसतिस्थानास ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वीणवसाहतीस ‘सारंगागार’ असे शब्द त्यांनी रूढ केले. ‘पक्षीकोश’ सिद्ध केला. २००६ साली सोलापूर येथेच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी १८ जून रोजी सोलापुरातच त्यांचे देहावसान झाले. आईने बालपणी दिलेल्या नावांच्या शिदोरीत त्यांनी किती भर घातली, हे पाहिले म्हणजे मातृभाषेतून निसर्ग शिकण्याचे मोल ध्यानी येते. ज्याचे नाव आपणांस ठाऊक नसते, ते डोळ्यांपुढे असूनही दिसत नाही. नाव कळले की गर्दीतून ओळखीचा चेहरा उठून दिसावा तसे ते झाड किंवा पाखरू वेगळे दिसू लागते.

येथवर लेखणीचा विचार झाला. लेखणी आणि कॅमेरा ही दोन्ही साधने एकाच हाती असल्याचे उत्तम उदाहरण म्हणजे एम. कृष्णन (१९१२–१९९६). तमिळ लेखक माधवय्या ह्यांचे हे धाकटे अपत्य. मद्रासेतील मैलापूर हा आज दाट वस्तीचा भाग आहे. परंतु कृष्णन ह्यांच्या बालपणी तेथे झुडपी रान होते, पक्षी विपुल होते, कोल्हे आणि काळवीटही दिसत. ह्या मुलाने मुंगूस पाळले होते. पुढे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे अध्यापक फायसन ह्यांच्याबरोबर त्यांस निलगिरीच्या डोंगरांत हिंडावयास मिळाले, आणि फायसनबाईंनी त्यांना जलरंगात चित्रे काढण्याचे धडे दिले. येथेही उत्तर देणारे माणूस आहेच.

कृष्णन ह्यांनी १९५० पासून ‘स्टेट्समन’ पत्रात निसर्गावर सदर लिहिण्यास आरंभ केला, आणि ते सेहेचाळीस वर्षे, म्हणजे जवळजवळ मृत्यूपर्यंत, चालू ठेवले. छायाचित्रे त्यांनी कृष्णधवलच घेतली. त्यांचा कॅमेराही विलक्षण होता. एकाचा सांगाडा, दुसऱ्याचे भिंग, अशी स्वतःच जुळवाजुळव करून त्यांनी तो अवजड यंत्रप्रपंच उभा केला होता, आणि गमतीने त्यास ‘सुपर पाँडेरोसा’ असे भारदस्त नाव पडले होते. चित्राची योग्यता कॅमेऱ्याच्या किमतीवरून ठरत नाही, हे शिकण्यास ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

ह्या कृष्णनांच्या आयुष्यातील एक पर्व मराठी वाचकास विशेष जवळचे वाटेल. १९४२ ते १९४९ ह्या काळात ते संडूर संस्थानात नोकरीस होते. तेथे त्यांनी शिक्षक, न्यायाधीश, चिटणीस अशी नाना प्रकारची कामे केली. संडूर हे बळ्ळारीजवळ डोंगरांच्या कुशीत वसलेले लहानसे संस्थान. राज्यकर्ते घोरपडे, म्हणजे मराठे. मायभूमीपासून दूर कानडी मुलखात रुजलेल्या ह्या मराठी घराण्याची स्थिती आपणां ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना समजावून सांगण्याची गरज नाही. त्या घराण्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे ह्यांचा जन्म १९३१ सालचा. संडूरच्या वनराजीने वेढलेल्या डोंगरांत त्यांचे बालपण गेले. पुढे त्यांनी केंब्रिज येथे अर्थशास्त्राचे शिक्षण घेतले, आणि १९७२ पासून कर्नाटकाचे अर्थमंत्री म्हणून काम पाहिले. राज्याच्या जमाखर्चात गढलेल्या ह्या गृहस्थाने फुरसतीचा वेळ मात्र कॅमेरा घेऊन रानात घालविला, आणि १९८३ साली वन्यजीवांच्या छायाचित्रणावर ‘सनलाइट अँड शॅडोज’ हा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. ऊन आणि सावली हे त्याचे नावच मोठे बोलके आहे. २०११ साली त्यांचे निधन झाले.

ऊन आणि सावली ह्यांचे हे महत्त्व काय, ते थोडे स्पष्ट केले पाहिजे. त्या काळी चौकोनी चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात फिल्मच्या एका गुंडाळीवर बाराच चित्रे निघत. भिंग हाताने जुळवावे लागे, प्रकाशाचा अंदाज डोळ्यांनी घ्यावा लागे, आणि चित्र कसे उतरले ते फिल्म धुतल्यावाचून कळत नसे. म्हणून छायाचित्रकारास प्राणी पुढे काय करणार, हे आधीच ओळखावे लागे. हरिणाने कान टवकारले म्हणजे ते आता पळणार, बगळ्याने मान आखडली म्हणजे तो आता चोच मारणार, हे ज्याला कळते त्याचेच बोट योग्य क्षणी कळ दाबते. हे ज्ञान पुस्तकातून थोडे मिळते. बरेचसे तासन् तास स्वस्थ बसून पाहिल्याने मिळते. आणि स्वस्थ बसून पाहण्यास लागणारा रिकामा वेळ बालपणी जितका असतो, तितका पुढे कधीच नसतो. मोठे माणूस रानात काही हेतू मनात धरून जाते. मूल उगाच जाते. ह्या ‘उगाच’मध्येच सारे शिक्षण आहे. आजच्या यंत्रांत क्षणात शेकडो चित्रे निघतात खरी. तथापि कोठे पाहावयाचे, हे यंत्र सांगू शकत नाही.

आता आपल्या परिसराकडे वळू. निसर्ग पाहण्यास दूर गेले पाहिजे, अशी समजूत ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्याने तरी बाळगू नये. किल्ल्याच्या कड्यांवर घारी घिरट्या घालतात, पोपटांचे थवे सायंकाळी परततात. सांक नदीवरील तिघऱ्याच्या जलाशयावर हिवाळ्यात परदेशी बदके उतरतात. उत्तरेस चंबळ वाहते. तेथे १९७८ साली अभयारण्य स्थापन झाले आणि नामशेष होऊ घातलेल्या घडियालांना आश्रय मिळाला. दक्षिणेस शिवपुरी आहे. माधवराव महाराज शिंदे ह्यांच्या कारकिर्दीत, १९१८ साली, तेथे झालेला सख्यासागर तलाव २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या रामसर यादीत समाविष्ट झाला, आणि ज्यात तो आहे ते माधव राष्ट्रीय उद्यान २०२५ साली व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झाले. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले होते. तोच प्राणी आफ्रिकेतून आणून १७ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्या शेजारच्या कुनोच्या रानात सोडण्यात आला.

परंतु ह्या आनंदाच्या यादीस एक दुःखाची जोड आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही. माळढोक हा सुमारे एक मीटर उंचीचा, गवताळ माळावर राहणारा भव्य पक्षी. इकडे त्यास सोनचिरैया म्हणतात. जमिनीवरच बहुधा एकच अंडे घालणाऱ्या ह्या पक्ष्यास निर्धास्त माळ हवा असतो. त्याच्यासाठी १९८१ साली शिवपुरी जिल्ह्यात करैरा आणि आपल्या जिल्ह्यात घाटीगाव अशी दोन अभयारण्ये निर्माण झाली. पण १९९० नंतरच्या दशकात करैऱ्याचा माळढोक दिसेनासा झाला; घाटीगावातूनही तो नाहीसा झाला. आज साऱ्या देशात ह्या पक्ष्यांची संख्या दोनशेहूनही कमी आहे. चितमपल्लींच्या सोलापूरजवळ नान्नज येथेही माळढोकासाठी अभयारण्य केले आहे; तेथेही त्याचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे.

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीच्या बालपणी जो पक्षी आपल्या माळावर चालत होता, तो आजच्या विद्यार्थ्यास येथे दिसणार नाही. करैऱ्याच्या परिसरातील कित्येक मुलांनी गुरे चारताना सोनचिरैया पाहिली असेल. तिचा नर मान फुगवून कसा घुमतो, पहिल्या पावसानंतर ती कोठे जाते, हे त्यांना ठाऊक असेल. पण त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणारे किती भेटले, आणि त्यांच्यापैकी कितींच्या हाती वही होती? पक्षी गेला, आणि त्याच्याबरोबर न लिहिलेले ज्ञानही गेले. बालपणीच्या निसर्गभेटीतून एखादा लेखक किंवा छायाचित्रकार निर्माण होतो, हा त्या भेटीचा लहान लाभ होय. ज्या गोष्टी जगातून जाणार आहेत त्यांना एक साक्षीदार मिळतो, हा मोठा लाभ. आणि साक्षीदार वेळीच बोलला तर कदाचित ती गोष्ट जाणारही नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रांना आमचे सांगणे थोडकेच आहे. एक साधी वही करावी. तीत तिथी किंवा तारीख, वेळ, ठिकाण आणि जे पाहिले ते, एवढेच लिहावे. शाळेच्या आवारातील कडुनिंबास मोहोर केव्हा आला, पहिली कोकिळा कोणत्या दिवशी ओरडली, तिघऱ्यावर बदके कधी उतरली आणि कधी गेली, हे तीन वर्षे नेमाने लिहिले तर त्या वहीचे मोल पुढे एखाद्या शास्त्रज्ञासही वाटेल. आजीआजोबांना मराठी नावे विचारावीत, गवळ्याला आणि माळ्याला इकडची नावे विचारावीत, आणि दोन्ही एकाखाली एक लिहून ठेवावीत. कॅमेरा हाती आलाच, तर आधी अर्धा तास पाहावे आणि मग चित्र घ्यावे.

वडीलधाऱ्यांस आणि आम्हां शिक्षकवर्गासही ह्यात एक कर्तव्य आहे. मुठीत पीस घेऊन एखादे मूल समोर उभे राहिले, तर त्यास ‘आधी हात धू’ हे सांगावेच. पण ते कोणत्या पाखराचे आहे, हेही सांगावे. ठाऊक नसेल तर त्याच्यासह पुस्तक उघडून शोधावे. मिलर्ड साहेबांनी त्या दिवशी ह्याहून फारसे वेगळे काही केले नव्हते.