कालपर्यंत त्या घरात कोण राहत होते?

इंग्लंडच्या खेड्यातले हॉलिडे कॉटेज म्हणजे यजमान नसलेले पाहुणेघर. दाराशेजारी भिंतीवर आकड्यांच्या कुलपाची छोटी पेटी असते, तिच्यात किल्ली. आत टेबलावर दूध, पाव, चहाच्या पिशव्या, कधी केक. शेजारी एक फाइल असते. लाकडाची शेगडी कशी पेटवायची, कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, जवळचा पब कुठे, हे सगळे तिच्यात लिहिलेले. कोकणात ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी दिसली की तिच्यामागे एक नांदते कुटुंब असते. इथे आठवडाभर घर पाहुण्यांचे आणि स्वयंपाकही त्यांचाच. साधारणपणे शुक्रवारी किंवा शनिवारी सकाळी जुने पाहुणे निघतात, दुपारी नवे येतात आणि मधल्या काही तासांत आसपासची एखादी बाई चादरी बदलून, ओव्हन घासून, घर पुन्हा लावून ठेवते. या व्यवसायाने खेडी वाचवली असे काही जण मानतात, तर त्यानेच खेडी रिकामी केली असे काही जण. दोघांकडेही पुरावे आहेत, कारण दोघे वेगवेगळ्या घरांबद्दल बोलत असतात. पाहुणे येण्याआधी त्या घरात कोण राहत होते, हे विचारल्याशिवाय या वादाचा निवाडा होणार नाही, असे मला वाटते.

वाचवल्याचा दावा खोटा नाही. शेतीत यंत्रे आली, मजूर शहरांकडे गेले आणि त्यांची दगडी, बुटक्या दारांची घरे मोडकळीला आली. ग्लॉस्टरशायरमधल्या बिबरी गावची ‘आर्लिंग्टन रो’ ही घरांची ओळ आज इंग्लंडच्या खेड्याचे चित्र म्हणून जगभर पोहोचली आहे. चौदाव्या शतकात ती लोकरीचे कोठार होती. सतराव्या शतकात तिथे विणकरांची घरे झाली. 1929 मध्ये रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने ती विकत घेतली आणि पुढे ती वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेली. पण विकत घेऊन घर वाचत नाही. छपराची डागडुजी, ओल, लाकडातली कीड यांवर वर्षानुवर्षे पैसा लागतो आणि तो कुठून यायचा, या प्रश्नावर जॉन आणि क्रिस्तियन स्मिथ या दांपत्याने 1965 मध्ये लँडमार्क ट्रस्ट स्थापून ठोस उत्तर दिले. ज्यांना दुसरा कोणी वाली नाही अशा जुन्या इमारती घ्यायच्या, नीट दुरुस्त करायच्या आणि सुट्टीसाठी भाड्याने देऊन त्या भाड्यातून त्यांची निगा राखायची. त्यांच्या घरांत टीव्ही नसतो. पुस्तकांचे कपाट असते आणि येणाऱ्यांनी हाताने लिहायची नोंदवही. वॉरिकशायरमधल्या अ‍ॅस्टली गावचा वाडा 1978 च्या आगीनंतर नुसत्या भिंतींवर उभा होता. त्या पडक्या भिंतींच्या आतच ट्रस्टने नवे घर बांधले आणि 2013 चा वास्तुकलेचा स्टर्लिंग पुरस्कार त्याला मिळाला. इथे पाहुण्याने कोणाची जागा घेतली? कोणाचीच नाही. तिथे राहायला कोणी नव्हतेच.

आता दुसरे घर पाहा. समुद्रकाठच्या खेड्यातले दोन खोल्यांचे, छप्पर शाबूत असलेले, शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. काल तिथे भाडेकरू कुटुंब होते, आज किल्लीची पेटी आहे. हे घर कोणी वाचवलेले नाही, ते फक्त गावातून काढून घेतले आहे. आणि बराच काळ सरकारी कायदाच या बदलाला हातभार लावत होता. राहत्या भाडेकरूला घर देणाऱ्या मालकाची गृहकर्जाच्या व्याजावरची पूर्ण करसवलत 2017 ते 2020 या काळात टप्प्याटप्प्याने गेली. सुट्टीसाठी घर देणाऱ्याची मात्र एप्रिल 2025 पर्यंत टिकली. शिवाय 2023 पर्यंत वर्षात 140 दिवस घर भाड्याने देण्याचा इरादा कळवला की इंग्लंडमध्ये ते व्यवसायाच्या यादीत जात असे. लहान व्यवसायाची सवलत लागू झाली तर अनेकांना स्थानिक कर शून्य. तेव्हापासून किमान 70 रात्री घर खरोखर भाड्याने गेलेले दाखवावे लागते. ही अट इतक्या उशिरा यावी, हे मला अक्षम्य वाटते.

यावर पहिला आक्षेप पोटापाण्याचा आहे. पाहुणे नसतील तर पब, किराणा दुकान, सफाईचे काम कसे चालेल? हा आक्षेप वजनदार आहे. पण दुकान जानेवारीतही चालावे लागते, आणि शाळेला पाहुण्यांची मुले उपयोगी नसतात. पबमध्ये वाढणारा आणि चादरी बदलणारी बाई यांना गावात घर मिळाले नाही, तर पाहुण्यांची सोय तरी कोण करणार? दुसरा आक्षेप असा की बंदीने काही साधत नाही. 2016 मध्ये कॉर्नवॉलच्या सेंट आयव्हजने मतदान घेऊन नवी घरे कायम राहणाऱ्यांसाठीच ठेवली. 2022 मध्ये व्हिटबीच्या मतदारांनीही तसाच कौल दिला, तो बंधनकारक नसला तरी. अशी बंदी नव्या बांधकामापुरती असल्याने बाहेरच्या खरेदीदाराला जुनी घरे मोकळीच राहतात, हे खरे आहे. पण यातून बंदी निरुपयोगी ठरत नाही, ती चुकीच्या ठिकाणी लागली एवढेच ठरते. गोठ्याचे किंवा धान्यकोठाराचे कॉटेज करायला शेतकऱ्याला अनेकदा नियोजन खात्याचे उंबरे झिजवावे लागतात, आणि कित्येकदा ‘फक्त सुट्टीसाठी’ अशी अटही पाळावी लागते. नांदते घर मात्र सहसा वेगळ्या परवानगीशिवाय पाहुण्यांच्या हवाली करता येते. कोणाचे काही न बिघडवणाऱ्यावर सगळी कागदपत्रे, आणि बिघडवणाऱ्याला मोकळे रान, असा हा उलटा हिशेब आहे. तिसरा आक्षेप मालकीहक्काचा. घर विकण्याचा, त्यात राहण्याचा, ते कुटुंबाला भाड्याने देण्याचा हक्क कोणी नाकारत नाही. राहते घर लॉजमध्ये बदलताना गावाला विचारा, इतकेच मागणे आहे.

इंग्लंडला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना स्वयंपाकघर असलेले घर सोयीचे पडते, मुलांना वरणभात करता येतो. त्यांनी अशी घरे जरूर घ्यावीत. मात्र निवडताना जुनी गिरणी, बंद पडलेले रेल्वे स्टेशन, शेतावरचे कोठार, लँडमार्कसारख्या संस्थेने उभी केलेली वास्तू यांना आधी पसंती द्यावी, आणि साधे गावातले घर असेल तर ते पूर्वी कोणाचे होते, हे मालकाला पत्रातून विचारावे.