गाडी ‘डेड’? आधी करंट शोधा!

सोमवार, सकाळचे साडेआठ. बोरिवलीहून अंधेरी गाठायचंय आणि साडेनऊला मीटिंग. तुम्ही रिमोट दाबता, गाडी चिडीचूप. किल्लीनं दार उघडून आत बसता, सेल्फ मारता… ना खट्, ना खुट्! डॅशबोर्ड काळाठिक्कर, हॉर्न मुका, एसीचं तर नावच नको. काल रात्री तर मस्त चालत होती! मग आपण सगळेच जे करतो तेच तुम्हीही करता. आधी गाडीला शिव्या, मग गॅरेजवाल्याला फोन.

थांबा बॉस! गाडी अर्धवट आजारी असण्यापेक्षा पूर्ण ‘डेड’ असलेली बरी. कारण तेव्हा शोध घ्यायच्या जागा मोजक्याच उरतात. लाइट, हॉर्न, वायपर, काचा अशा सगळ्यांना करंट पुरवणारी बॅटरी एकच असते. सगळं एकदम गेलं, तर चूक प्रत्येक बल्बमध्ये नसते. ती बॅटरीत असते, नाहीतर बॅटरीतून निघणाऱ्या मुख्य वाटेवर. ती वाट शोधायला इंजिनीअर असावं लागत नाही.

आधी ऐका, मग बघा

सेल्फ मारताना नीट कान द्या. स्टार्टर जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही? मग करंट आहे, भानगड पेट्रोलची किंवा स्पार्कची. नुसतं ‘खट्-खट्-खट्’ येतंय आणि लाइट मंदावतायत? बॅटरीत थोडी धुगधुगी आहे, पण स्टार्टर फिरवण्याइतका दम नाही. आणि अजिबात काहीच नाही, आतला दिवासुद्धा नाही? मग बॉनेट उघडायची वेळ झाली.

बॅटरीवरची दोन टर्मिनल्स हातानं हलवून बघा. हलली, तर बहुधा चोर सापडला! त्यांच्यावर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर तीही करंट अडवते. आपल्या मुंबईच्या दमट हवेत हे काम जरा जास्तच मन लावून होतं. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासलं की ती निघते. मात्र काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलं आणि पॉझिटिव्हला लावलेला पाना चुकून बॉडीला टेकला, तर ठिणग्यांची दिवाळी!

गेल्या पावसाळ्यात मुलुंडला मैत्रिणीच्या सोसायटीत माझी गाडी अशीच ठप्प झाली. एका गॅरेजवाल्यानं फोनवरच निदान केलं की बॅटरी गेलीय, गाडी टोचन करून आणा, नवी टाकू. तेवढ्यात तळमजल्यावरचे, एसटीतून रिटायर झालेले एक काका दहाचा पाना घेऊन आले. निगेटिव्हची पकड नुसत्या बोटांनी गोल फिरत होती. त्यांनी ती आवळली, मी किल्ली फिरवली, गाडी सुरू! खर्च शून्य. वर काकूंच्या हातचा चहा.

त्या दिवसापासून डिकीत मी एक मल्टीमीटर ठेवते. लॅमिंग्टन रोडला काहीशे रुपयांत मिळतो. फंडा साधा आहे. गाडी काही तास उभी असेल, तर भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२च्या खाली आकडा गेला की ती रिकामी झाली म्हणा. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदा हवा. तेवढा नसेल, तर अल्टरनेटर चार्जिंग करत नाहीय. आणि सगळ्यात मजेशीर केस म्हणजे मीटर १२.६ दाखवतो, तरी गाडी ठार! याचा अर्थ बॅटरी ठणठणीत आहे, वाट तुटलीय. टर्मिनल, बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी किंवा बॅटरीजवळचा मेन फ्यूज उडालाय. अशा वेळी कुणी नवी बॅटरी गळ्यात मारत असेल, तर नम्रपणे मीटर दाखवा!

बॅटरी मरते कशानं?

लाइट चालू राहिला हे एक कारण. पण आपल्यापैकी अनेकांच्या बॅटरीचा जीव आपलं रूटीन घेतं. घरापासून स्टेशनपर्यंत दहा मिनिटं गाडी, मग दिवसभर पार्किंग. सेल्फ मारताना खर्च झालेला करंट एवढ्या वेळात पूर्ण भरूनही येत नाही. त्यात घाटकोपरच्या एलबीएसवर रांगत जाताना एसी, हेडलाइट, वायपर, फोनचं चार्जिंग असं सगळं चालू आणि इंजिन जेमतेम घुरघुरतंय. बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं साथ देते. वय झालं की सेल्फ आळसावतो, तीच तिची नोटीस समजा. इलेक्ट्रिक कारवाल्यांनी कॉलर ताठ करू नये. त्यांच्या गाडीतही छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

धावती गाडी बंद पडली तर?

वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर चालत्या गाडीतली सगळी पॉवर गेली, तर ब्रेक लागतो, फक्त पेडल कडक होतं. स्टिअरिंग वळतं, पण जड. म्हणून घाबरून किल्ली बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. वेग आहे तोवर गाडी डावीकडे घ्या. हझार्ड लाइटही बॅटरीवरच चालतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर राहू नका. रिफ्लेक्टरचा त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवा आणि स्वतः गाडीबाहेर, कठड्यापलीकडे उभे राहा.

पाण्यात मात्र शोधत बसू नका

आतापर्यंत सांगितलेलं सगळं कोरड्या रस्त्यावरचं. एका ठिकाणी मात्र करंट कुठे गेला हे शोधणं जिवावर बेतू शकतं.

२६ जुलै २००५. त्या मंगळवारी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पाण्यात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीज गेली, काचा उतरेनात, दारं उघडेनात आणि काही मुंबईकरांचा गाडीतच गुदमरून मृत्यू झाला. हे एकदाच घडलं म्हणावं, तर जुलै २०१९मध्ये मालाड सबवेत पाण्यात अडकलेल्या एसयूव्हीत दोघांनी जीव गमावला. 

दार का उघडत नाही? साधं गणित करा. दार एक मीटर रुंद, बाहेर पाणी दाराच्या खालच्या कडेपासून अर्धा मीटर वर आणि आत कोरडं. दारावर सुमारे १२५ किलोचा जोर येतो. पाण्याची उंची दुप्पट झाली, तर जोर चौपट! म्हणजे लॉक उघडं असलं तरी दार ढकलणं कठीण. मग उरते खिडकी, आणि पॉवर विंडोला हवी वीज.

म्हणून क्रम पाठ करा. पाणी चढतंय आणि गाडी पुढे सरकत नाही, असं दिसलं की सीट बेल्ट काढा. इंजिन बंद पडलं तरी किल्ली ‘ऑन’वरच ठेवा आणि काचा लगेच पूर्ण खाली घ्या. वीज आहे तोवरच! मागे मुलं असतील तर त्यांना पुढे घ्या. चाइल्ड लॉक लावलेलं मागचं दार आतून उघडत नाही. मग खिडकीतून बाहेर. काच उतरलीच नाही, तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर हातोडी मारा, मध्यभागी नाही. समोरची काच लॅमिनेटेड असते, तिच्या नादी लागू नका.

आणि पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा स्टार्ट करू नका. आत पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. नेहमीच्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. पण तो हिशोब नंतरचा. गाडीला विमा मिळतो, आपल्याला नवा जीव नाही.

डिकीत काय हवं?

• दहाचा पाना, जुना टूथब्रश, मल्टीमीटर, टॉर्च.

• जाड तारेची जंपर केबल. लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, तिथे ठिणगी नको.

• रिफ्लेक्टरचा त्रिकोण आणि स्पेअर फ्यूज.

• काच फोडायची हातोडी मात्र डिकीत नको. ड्रायव्हरच्या हाताशी!

• फोनमध्ये दोन नंबर: आणीबाणीसाठी ११२, महापालिकेच्या आपत्ती कक्षासाठी १९१६.

येत्या रविवारी पार्किंगमध्ये फक्त दहा मिनिटं काढा. रिमोटच्या पोटात लपलेली धातूची किल्ली आणि तिचं दारावरचं भोक शोधा. बॉनेटचा खटका, मेन फ्यूजची डबी, मागच्या दारांचं चाइल्ड लॉक बघून ठेवा. शेजारच्या सीटवर बसणाऱ्यालाही दाखवा. वीज गेल्यावर हे सगळं अंधारात चाचपडत शोधण्यापेक्षा आजच ठाऊक असलेलं बरं, नाही का?