डोंगरनी सायकल, डांबरवरचा टायर

डांबरी रस्त्यावरून घूं घूं करत जाणारी सायकल ऐकली की मला ती चालवणाऱ्याच्या पायांची दया येते. तो आवाज टायरवरच्या रबरी गाठींचा असतो. प्रत्येक गाठ रस्त्याला टेकते, दबते, जरा वाकते आणि पुन्हा उठते. दाबायला लागलेली ताकद उठताना पूर्ण परत मिळत नाही. तिचा काही भाग उष्णता होऊन जातो, आणि ती ताकद आपल्याच मांड्यांतून आलेली असते.

मी जळगावच्या एमआयडीसीत, प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहे. पिंप्राळ्याहून निघतो, आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली आणि मग एमआयडीसी. या वाटेवर एकही डोंगर नाही. तरी कारखान्याच्या शेडमध्ये पोरांच्या ज्या सायकली लागलेल्या असतात त्यांतल्या बऱ्याच माउंटन बाइक. पोरांचं काही चुकलं नाही. गिअरची, दणकट दिसणारी सायकल मागितली की दुकानदार हीच पुढे करतो. फ्रेम मजबूत असते, बसणं आरामाचं असतं. बदलायचे ते फक्त टायर. धुळ्याला देवपुरात माझी सासुरवाडी. तिकडच्या एका म्हाताऱ्या मिस्तरीने माझी सायकल पहिल्यांदा पाहिली तेव्हा एवढंच म्हटलं, "डोंगरनी सायकल, अन् चालस डांबरवर!"

गंमत म्हणजे या सायकलीचं जाड चाक मुळात डोंगराचं नव्हतंच. १९३३ साली अमेरिकेत श्विन कंपनीने २६ इंची, सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचे फुगीर टायर लावलेली सायकल काढली. ती शहरात चालायची. पेपर टाकणारी पोरं तिच्यावरून फिरायची. पुढे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीतल्या काही हौशी लोकांनी त्याच जुन्या सायकली टेकडीवर नेऊन खाली सोडल्या. तिथून माउंटन बाइक जन्मली आणि टायरवर मोठाल्या गाठी आल्या. म्हणजे रुंद पण गुळगुळीत टायर लावणं हा या सायकलीवर अन्याय मुळीच नाही.

"गुळगुळीत टायर घसरेल ना काका?" हा प्रश्न मला शेडमध्ये हमखास विचारला जातो. गाठी मऊ मातीत रुततात म्हणून तिथे पकड देतात. डांबरात काय रुतणार? डांबर रबरापेक्षा कडक. तिथे उलट रबरच खडीच्या खाचाखोचांत दबून बसतं आणि पकड धरतं. हिशेब करून बघा. मागच्या चाकावर ५० किलो भार आहे आणि हवा ५० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण साडेतीन किलो. तर रस्त्याला टेकलेली जागा झाली जेमतेम १४ चौरस सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत गाठींमधल्या मोकळ्या फटी कशाला ठेवायच्या? वळणावर तर उंच गाठी वाकतात आणि सायकल डुलल्यासारखी वाटते.

पावसाचं काय? पाण्याच्या थरावर टायर तरंगून घसरतो ते मोटारींचं आणि विमानांचं दुखणं. नासाने विमानांसाठी बसवलेल्या सूत्रात तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. ५० पीएसआयला तो ताशी ११५ किलोमीटरच्या पुढे जातो. आपण महामार्गावर वारा पाठीशी असताना तिशी गाठली तरी खूप. सायकल खरी घसरते ती पहिल्या पावसात वर आलेल्या तेलकट थरावर, रंगाच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, लोखंडी जाळीवर आणि रेल्वेच्या रुळावर. तिथे गाठी काही कामाच्या नाहीत. आणि आपली काळी माती? ती ओली झाली की गाठींच्या मधे गच्च बसते, मग मडगार्डमध्ये, मग ब्रेकमध्ये. दहा पावलांत चाक फिरायचं थांबतं. चिखलात गाठींचा टायर आणि गुळगुळीत टायर दोघंही खांद्यावरूनच न्यावे लागतात.

आता मापाकडे येतो, कारण इथेच पैसे वाया जातात. "२६ चा टायर द्या" असं म्हणू नका. २६ नावाचे टायर वेगवेगळ्या घेराचे असतात. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत ४०-५५९ असा आकडा कोरलेला असतो, तो वाचा. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. माउंटन बाइकचा २६ म्हणजे ५५९. लेडीज सायकलचा २६ × १ ३/८ म्हणजे ५९०, आणि २६ × १ १/२ म्हणजे ५८४. दोन्ही टायर तुमच्या रिमवर ढगळ होतील. आणखी एक खोच आहे: २६ × १.७५ आणि २६ × १ ३/४ गणितात सारखे, पण पहिला ५५९ चा आणि दुसरा ५७१ चा. अपूर्णांकाचा टायर दशांशाच्या जागी बसत नाही, एवढं धरून चला. नव्या सायकलींत २७.५ म्हणजे ५८४ आणि २९ म्हणजे ६२२. हे ६२२ हेच ७००सी नावाने हायब्रिड सायकलींना असतं, त्यामुळे २९ वाल्यांना ७०० × ३८ किंवा ७०० × ४० चे रस्त्याचे टायर सहज मिळतात. आपली जुनी काळी २८ इंची सायकल ६३५ ची. आकड्याने २९ पेक्षा लहान आणि रिमने मोठी! या धंद्यात मापं कोणी ठरवली त्याला आमच्या वर्कशॉपमध्ये एक दिवस उभा करायला हवा.

रुंदी किती? माझं मत स्पष्ट आहे: दीड ते पावणेदोन इंच. त्याहून बारीक टायर माउंटन बाइकच्या रुंद रिमवर नीट बसत नाही आणि खड्ड्यात रिम ठोकली जाते. मग चाकाचा आऊट काढायला मिस्तरीकडे चकरा. १.९५ वरून १.५ वर आलात की सायकल सुमारे एक सेंटिमीटर खाली बसते. मीटर लावला असेल तर त्यातलं चाकाचं माप बदलावं लागतं, नाहीतर तो खऱ्यापेक्षा जास्त किलोमीटर दाखवत राहतो. रोजची वाट शिवारातून जात असेल, तर मधे सलग पट्टी आणि कडेला बारीक गाठी असलेला टायर घ्या. डांबरावर पट्टीच टेकते.

खानदेशात मात्र टायर निवडताना वेगापेक्षा काट्याचा विचार आधी करावा लागतो. पावसाळा सरला की सराटे वाळतात आणि रस्त्याच्या कडेला पसरतात. बाभळीचा दोन-तीन इंची काटा तर कशालाच दाद देत नाही. अनेकांना वाटतं, गाठींचा टायर जाड म्हणून काटा लागणार नाही. पण गाठींच्या मधलं रबर पातळच असतं आणि काटा बरोबर तिथून आत शिरतो. म्हणून टायरच्या आत, नक्षीखाली, काट्याला अडवणारा थर आहे का ते विचारा. जर्मनीच्या श्वाल्बे कंपनीचा मॅरेथॉन त्यासाठीच नावाजलेला, पण महाग. लुधियानाच्या राल्सन, मेट्रो आणि हैदराबादच्या हार्टेक्सची नावं आपल्या दुकानांत ओळखीची. थराचा टायर नाही मिळाला तर जुनी ट्यूब उभी कापून टायरच्या आत अस्तरासारखी घाला. चाक जड होतं, पण सराट्यांपुरतं काम भागतं.

महामार्गावरचा शत्रू निराळा आहे. हिवाळ्यात मी कधी सायकलनेच सासुरवाडीला जातो. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे करत नव्वदीच्या पुढे किलोमीटर होतात. कडेच्या पट्टीत फुटलेल्या ट्रक टायरचे तुकडे पडलेले असतात आणि त्यांतल्या केसासारख्या पोलादी तारा सायकलच्या टायरमध्ये शिरून बसतात. ट्यूबला पॅच मारला आणि तार टायरमध्येच राहिली, तर दोन किलोमीटरवर पुन्हा हवा गेलीच. टायर उलटा करून आतून बोट फिरवायचं, हळू, बोट कापेल इतकी ती धारदार असते.

उन्हाळ्यात हवा कमी भरा म्हणतात. पहाटे २५ अंशांत ५० पीएसआय भरली आणि दुपारी टायर ६० अंशांपर्यंत तापला, तरी दाब ५७-५८ च्या आसपास जातो. टायरवर लिहिलेली कमाल मर्यादा ६५ असेल तर घाबरायचं कारण नाही. मर्यादेला चिकटून मात्र भरू नका. माझं वजन ६८ किलो, दीड इंची टायरमध्ये मी मागे ५५ आणि पुढे ४५ ठेवतो. ट्रकवाल्या पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर लावायचाच तर डोळे मीटरच्या काट्यावर ठेवून, कारण सायकलची ट्यूब एवढीशी, क्षणात भरते आणि फुटते. उन्हाचा खरा मार टायरच्या बाजूंवर बसतो. सायकल दिवसभर उघड्यावर राहिली की त्या तडकतात, नक्षी शाबूत असली तरी. दुकानात लटकवलेला टायर घेण्याआधी बाजू दुमडून बघा, भेगा दिसल्या तर दुसरा मागा.

एकच नवा टायर घ्यायची ऐपत असेल तर तो पुढच्या चाकाला लावा, आणि पुढचा काढून मागे. मागचा भाराने लवकर झिजतो, पण चालत्या सायकलीचा पुढचा टायर फुटला तर हँडल हातात राहत नाही. काढलेला गाठींचा टायर फेकू नका. आमच्या शेडमधली पोरं डोंगरातल्या पाटणादेवीला जायचं ठरवतात तेव्हा आधी तेच मागायला येतात.