काळ्या रानांतील मोटार

खंडाळा म्हटलें कीं मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढें बोरघाट, धुकें आणि हवा खाण्याचे बंगले उभे राहतात. येथें अभिप्रेत असलेला खंडाळा तो नव्हे. हा सातारा जिल्ह्यांतील तालुका होय. उत्तरेस नीरा नदी, दक्षिणेस खंबाटकीचा घाट, मधून गेलेला पुणें-बंगळूर रस्ता आणि पूर्वेस कांद्याच्या बाजाराकरितां प्रसिद्ध असलेलें लोणंद, असा त्याचा विस्तार आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील या मुलखांत कोंकणासारखा पाऊस नाहीं. तरीहि चिखलांत रुतलेली मालमोटार हें दृश्य येथें दुर्मिळ नाहीं, आणि त्याचा खरा हंगाम आषाढ नव्हे, आश्विन होय. परतीचा पाऊस नुकताच कोसळून गेलेला असतो, खरिपाचा कांदा काढणीला आलेला असतो. भिजलेला कांदा टिकत नाहीं आणि बाजार कोणासाठीं थांबत नाहीं. अशा घाईंत शेतकरी आपली किंवा भाड्याची गाडी थेट वाफ्यापर्यंत नेण्यास निघतो, आणि तेथेंच घोटाळा होतो.

ही गाडी म्हणजे पिकअप. पुढें बसण्याची जागा, मागें उघडा हौदा, इंजिन पुढें. परंतु इंजिनाची शक्ति जाते ती केवळ मागच्या दोन चाकांना. यांत एक गंमत आहे. १९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठीं मोठ्या प्रमाणावर बनूं लागलेल्या विलीज जीपला चारही चाकांना गति देण्याची सोय होती, आणि १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें भारतांत आपला मोटारधंदा मांडला तो याच जीपवर. आज रस्तोरस्तीं दिसणाऱ्या पिकअप मात्र बहुतेक दोन चाकांच्या जोरावर चालतात. त्या स्वस्त पडतात, हलक्या असतात आणि डांबरी सडकेवर त्यांना अधिक कांहीं लागतहि नाहीं. प्रश्न उभा राहतो तो सडक सुटल्यावर.

दख्खनचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्यापासून बनला. त्याच्या झिजेपासून झालेल्या काळ्या मातींत मॉंटमोरिलोनाइट नांवाच्या चिकणमातीचें प्रमाण मोठें असतें. हिचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिसूक्ष्म पापुद्रे. पाणी त्यांच्या मधोमध शिरतें, पापुद्रे दूर सरतात आणि माती फुगते. उन्हाळ्यांत तेंच पाणी निघून गेलें कीं ती आकसून तिला खोल भेगा पडतात. ओल्या स्थितींत हे पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात. शिवाय ही माती टायरच्या खांचांत घट्ट चिकटून बसते; चाकाच्या थोड्याच फेऱ्यांत खांचा भरून जातात आणि कोरा करकरीत टायरहि गुळगुळीत होतो. माळावरच्या मुरमाची गोष्ट निराळी. त्यांत खडा असतो, पाणी निचरून जातें आणि चाकाला धरावयास कांहीं तरी सांपडतें.

परंतु याच रानांतून बैलगाडी पिढ्यान्‌पिढ्या जात आली. मग मोटारच कां अडावी? बैलगाडीचें चाक स्वतः कांहींच करीत नाहीं. जोर बैलांच्या खुरांचा. चाक केवळ मागून लोळत येतें. मोटारीचें मागचें चाक हें एकाच वेळीं चाकहि असतें आणि बैलहि. गाडी पुढें जावी म्हणून त्याला जमीन मागें रेटावी लागते, आणि जमीनच सरकूं लागली तर त्याचा नाइलाज होतो. १९४१ च्या शरद ऋतूंत मॉस्कोकडे निघालेल्या जर्मन सैन्याच्या मालमोटारी रशियाच्या चिखलांत अशाच खिळून राहिल्या, आणि यंत्रबळाच्या त्या सैन्याला ठिकठिकाणीं खेडुतांच्या घोडागाड्यांचा आसरा घ्यावा लागला.

मोटारीच्या घडणींत याहून एक सूक्ष्म अडचण आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर कापावें लागतें. म्हणून मागच्या आंसाच्या मध्यभागीं दंतचक्रांची एक पेटी बसविलेली असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनें फिरूं देते, पण जोर मात्र सारखाच वांटते. हा समभाव चिखलांत नडतो. एक चाक निराधार फिरूं लागलें कीं त्याला फिरविण्यास लागणारा जोर नगण्य होतो, आणि मग दुसऱ्या चाकालाहि, तें खणखणीत मुरमावर उभें असलें तरी, तेवढाच नगण्य जोर मिळतो. एक चाक भिरभिरत राहतें, दुसरें ढिम्म हालत नाहीं. अशा वेळीं इंजिनाला अधिक तेल देणें म्हणजे भिरभिरणाऱ्या चाकाच्या हातीं कुदळ देणें होय. क्षणार्धांत तें आपला खड्डा आपणच खणतें, आणि आंस जमिनीला टेकला कीं चाकांवरचा भारहि निघून जातो.

भाराचा विचार येथें निर्णायक ठरतो. रिकाम्या पिकअपचें वजन इंजिनामुळें पुढें झुकलेलें असतें. ज्या मागच्या चाकांनी सारें काम करावयाचें, तींच हलकीं राहतात. पन्नास किलोंचीं चार पोतीं बरोबर मागच्या आंसावर ठेवलीं तर दोनशें किलोंचा दाब त्या चाकांना मिळतो आणि तीं पकड धरतात. उलट हौदा शिगोशीग भरला कीं चाकें भुसभुशीत जमिनींत उतरतात. म्हणून रानांत सुखरूप शिरलेली रिकामी गाडी हा कसलाच पुरावा नव्हे. ती परततांना भरलेली असते, आणि वाट तिनें येतांना स्वतःच कालवून ठेवलेली असते.

हा निर्णय गाडीपेक्षां मातीला विचारून करावा, आणि ती विद्या शेतकऱ्याजवळ आहेच. रान वाफशावर आल्याशिवाय तो औत घालीत नाहीं. मूठभर मातीचा गोळा वळून कमरेच्या उंचीवरून टाकावा. तो फुटला तर वाफसा आला, चेपटून तसाच राहिला तर नाहीं. नांगराला जो नियम, तोच मोटारीला अधिक कडकपणें लागू आहे. कारण भरलेली मोटार वाफशावरच्या मातीलाहि दडपून टाकते आणि पुढच्या पिकाच्या मुळांना तिच्यांत शिरणें जड जातें. गाडी बांधाबाहेर मुरमावर उभी करून पोतीं बैलगाडीनें किंवा ट्रॅक्टरनें तेथवर आणणें यांत तासभर अधिक जातो खरा. पण रुतलेली गाडी काढण्यांत अख्खा दिवस जातो आणि तोच ट्रॅक्टर शेवटीं बोलवावा लागतो.

पाणंदीचा रस्ता मात्र टळत नाहीं. तेथें प्रथम पायीं चालून यावें. टाच किती रुतते, पाण्याखालीं दगड आहे कीं खड्डा, हें पायाला जितकें कळतें तितकें डोळ्याला कळत नाहीं. गाडी रिकामी असेल तर मागच्या टायरांतील हवा थोडी कमी करावी. टायर पसरतो आणि जमिनीवर अधिक टेकतो. भरल्या गाडीची हवा मात्र काढूं नये, टायर फाटतो. चिखलापूर्वींच दुसऱ्या गिअरमध्यें यावें आणि मध्यें गिअर बदलूं नये, कारण क्लच दाबतांच गाडीची ओढ तुटते. वेग संथ पण अखंड असावा, चाकें शक्यतों सरळ असावींत, ब्रेक लावूं नये. गति मंदावत आहे आणि मागचें चाक घसरूं लागलें आहे असें जाणवतांच पाय काढून घ्यावा व आपल्याच चाकोरींतून मागें यावें. पुढें रेटण्याचा मोह येथें फार महाग पडतो.

तरीहि रुतलीच तर आधीं खोरें घ्यावें. चाकांपुढचा उतार आणि आंसाखालची माती मोकळी करून चाकाखालीं मुरूम, चपटे दगड, उसाचें पाचट किंवा रिकामीं गोणपाटें घालावींत. बाभळीच्या फांद्या हाताशीं असतात, पण त्यांच्या कांट्यांनीं दुसरेंच दुखणें उभें राहतें. हातब्रेक किंचित् ओढून हलकेच तेल दिल्यास भिरभिरणारें चाक आंवरलें जातें आणि दुसऱ्याला थोडा जोर मिळतो. अनुभवी चालक ही युक्ति जाणतात. चाकामागें कोणी उभें राहूं नये, कारण घातलेला दगड गोफणीसारखा सुटतो. दोर बंपरला न बांधतां सांगाड्याच्या मजबूत आंकड्याला बांधावा, आणि तो ताणला असतांना बघ्यांनीं त्याच्या लांबीहून दूर राहावें. तुटलेल्या दोराचा फटका जिवावर बेततो.

गाडी बाहेर आली तरी लगेच लोणंदची वाट धरूं नये. काढलेली हवा भरून घ्यावी, चाकांत व ब्रेकांत बसलेला चिखल धुवावा आणि मोकळ्या रस्त्यावर दोनतीनदां हलके ब्रेक दाबून ते कोरडे करावेत. टायरच्या खांचांतील काळी ढेंकळें डांबरावर गळतात, आणि पावसाची एक सर आली कीं मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तीं साबणासारखीं होतात.