सेवापूर्तीचा हार सुकण्याआधी

कल्याण पूर्वेला आमच्या विहारात रविवारची वंदना आटोपली की आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते सतरंजीवरच कागद पसरून बसतो. कुणाचा जातीचा दाखला, कुणाचे रेशनकार्ड, कुणाच्या मुलाची शिष्यवृत्ती. अलीकडे मात्र प्रॉव्हिडंट फंडाचे कागद घेऊन येणारे वाढले आहेत. अशाच एका रविवारी एक काका आले. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षे नोकरी, अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवापूर्ती. सत्काराला चौदा महिने झाले होते. पिशवीतून त्यांनी पासबुक काढले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून अकरा लाख जमा झाले होते. शिल्लक बेचाळीस हजार.

काकांना कसले व्यसन नाही. पैसे गेले ते मुलीच्या लग्नात, गावच्या घराच्या पत्र्यांत, मुलाच्या रिक्षात, भावकीच्या उसनवारीत, आणि चार लाख टिटवाळ्याकडच्या एका इमारतीतल्या फ्लॅटच्या विसारात. "सगळं चांगल्या कामालाच गेलं की हो साहेब," काका म्हणाले. ते खरेच होते, म्हणून तर आम्हाला काही बोलता येईना.

आपल्या समाजात एकरकमी पैसा हातात पडण्याचा प्रसंग बहुधा आयुष्यात एकदाच येतो. आमच्या आजोबांनी बलुत्यावर दिवस काढले, वडील शहरात येऊन पगारी झाले. पगार पुरवायचा कसा हे घरोघरीच्या आया-बहिणींना उत्तम कळते, पण रक्कम राखायची कशी हे शिकवायला कुणी नव्हते, कारण रक्कमच नव्हती. त्यात निवृत्तीची तारीख सगळ्या नातलगांना पाठ असते. हार सुकायच्या आत पहिला उसनवार मागणारा दारात उभा राहतो.

भगवान बुद्धांनी राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला मिळकतीची वाटणी सांगितली आहे. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला आणि चौथा भाग अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवायचा. सिगालोवाद सुत्त आपल्याकडे वर्षावासात वाचले जाते. आई-वडील, गुरू, पत्नी यांच्याविषयीचा भाग लोक मन लावून ऐकतात, या वाटणीवर मात्र चटकन पान उलटले जाते. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली निघाला. जयंतीच्या फलकावर आपण त्यांना थोर अर्थतज्ज्ञ लिहितो आणि घरच्या पावत्या गादीखाली ठेवतो, हेही इथे नमूद करून ठेवतो.

आता हिशेबाकडे वळू. काकांना आम्ही विचारले, "पेन्शन किती बसली?" काका म्हणाले, "कंपनीत कुठली पेन्शन? ती सरकारी लोकांना." इथेच घोळ होता. १६ नोव्हेंबर १९९५ पासून फंडाबरोबर कर्मचारी पेन्शन योजना लागू आहे. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के तिकडे जातात. दहा वर्षे सेवा भरली असेल तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शनचा हक्क आहे. पण ती आपोआप सुरू होत नाही. फंड काढायचा अर्ज नमुना एकोणीस आणि पेन्शनचा नमुना दहा-डी, हे दोन वेगळे अर्ज आहेत. काकांनी पहिला भरला होता, दुसऱ्याचे नावही त्यांच्या कानावर गेले नव्हते.

पेन्शनचे गणित अवघड नाही. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. सप्टेंबर २०१४ मध्ये पगाराची मर्यादा १५,००० रुपये झाली. वीस वर्षे सेवा भरली तर दोन वर्षे जास्त धरतात. म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीला १५,००० गुणिले ३२ भागिले ७०, असे ६,८५७ रुपये झाले. ही वरची रेघ समजावी. २०१४ पूर्वीची सेवा जुन्या ६,५०० च्या मर्यादेने मोजली जाते, त्यामुळे आज निवृत्त होणाऱ्याच्या हातात याहून कमीच पडते. या पैशांत कल्याणसारख्या शहरात दोघांचे घर चालायचे नाही हे उघड आहे. म्हणून हाती पडलेली रक्कम मोडायची नाही, तिच्या व्याजावर पेन्शनची तूट भरायची, असा बेत आधीच ठरवावा लागतो.

पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. वयाची अट साठची, पण पंचावन्न वर्षांवरच्या निवृत्ताला लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्या रकमेपुरते खाते उघडता येते. हे तीन महिने फार महत्त्वाचे. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला. दर सरकार वेळोवेळी ठरवते, पण ठेव ठेवली त्या दिवशीचा दर पाच वर्षे बदलत नाही. ८.२ टक्क्यांनी दहा लाखांचे तिमाही व्याज २०,५०० रुपये येते. खाते पत्नीबरोबर संयुक्त उघडता येते आणि तसेच उघडावे. रक्कम अशी बांधली गेली की मागणाऱ्याला "पोस्टात अडकलेत" असे खरे उत्तर देता येते. नकार द्यायला जीभ उचलत नाही त्यांना हा फायदा व्याजाहून मोठा वाटेल.

जादा व्याजाच्या लोभाने पतसंस्थेत सगळा पैसा ठेवणारेही आम्ही पाहतो. बँकेच्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही.

पण आपल्या शहरात निवृत्तीचा पैसा सर्वांत जास्त बुडतो तो घरात. १९८३ साली महापालिका झाली तेव्हाचे कल्याण-डोंबिवली आता ओळखू येत नाही. २०११ च्या जनगणनेतच वस्ती बारा लाखांच्या वर गेली होती. चाळीत जन्म काढलेल्या माणसाला स्वतःच्या नावाच्या फ्लॅटची ओढ असणारच, आम्हालाही होती. पण बनावट परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, त्या इमारती आपल्याच महापालिकेच्या हद्दीतल्या. त्यांत माणसे राहत होती, कर्जाचे हप्ते भरत होती. काकांची इमारत त्या पासष्टांत नाही, पण बिल्डर बांधकाम परवानगी दाखवायचे टाळतो आहे. नोंदणी क्रमांक पाहून भागत नाही. बांधकाम परवानगीची प्रत घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात ती खरी आहे का हे विचारावे आणि मगच विसार द्यावा. आम्ही उलट्या क्रमाने विचारायला गेलो. काकांचे चार लाख परत मिळवण्याची खटपट अजून चालू आहे.

तरुणांसाठी दोन शब्द. नोकरी बदलली की फंड काढून मोबाईल किंवा गाडी घेण्याची पद्धत पडली आहे. फंडाबरोबर पेन्शनचे पैसेही काढले तर दहा वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. खाते नव्या नोकरीत वळते करावे. मध्ये खंड पडणार असेल तर पेन्शनचे पैसे न काढता योजना प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे जुनी वर्षे जोडली जातात. लग्न झाल्यावर वारसाचे नाव पुन्हा भरायला विसरू नये. लग्नापूर्वी केलेले नामनिर्देशन लग्नानंतर बाद ठरते. आमच्याच वस्तीतली एक ताई नवऱ्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षे हेलपाटे घालत होती, कारण कागदावर सासूबाईंचेच नाव होते.

आणि ज्यांना फंडच नाही अशा घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या आपल्या भगिनी? २०१५ साली सुरू झालेली अटल पेन्शन योजना त्यांच्या कामाची आहे. अट अठरा ते चाळीस वर्षांची. पंचविसाव्या वर्षी सुरुवात केली तर साठीनंतर पाच हजारांच्या पेन्शनसाठी महिना ३७६ रुपये पडतात, चाळिसाव्या वर्षी तेच १,४५४ होतात. पश्चात जोडीदाराला तेवढीच पेन्शन मिळते. मुलीच्या पहिल्या कमाईच्या महिन्यातच हे खाते उघडून द्यावे.

औषधोपचाराचे एक राहिले. पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला ईएसआयसीत महिना दहा रुपयांप्रमाणे वर्षाचे १२० रुपये भरून स्वतःचे व पत्नीचे उपचार चालू ठेवता येतात. आमच्याकडे आलेल्या दहा निवृत्तांत एखाद्यालाच हे ठाऊक असते.

काकांचा दहा-डी नमुना आम्ही त्याच दिवशी भरला. पेन्शन अठ्ठावन्नाव्या वाढदिवसानंतरची मोजली गेली, त्यामुळे मागची थकबाकीही मिळाली. त्या दिवशी काकू विहारात आल्या, पासबुक स्वतःच्या हातात धरून. म्हणाल्या, "ह्यांना सांगा, आता हे माझ्याजवळ राहील." काका हसले, पण पुस्तक परत मागितले नाही.

रविवारी सकाळी दहानंतर आम्ही विहारातच असतो. येताना आधार कार्ड, बँकेचे पासबुक, फंडाचा यूएएन क्रमांक आणि जुन्या कंपन्यांची असतील ती सगळी पत्रे आणावीत. घरच्या बाईला सोबत आणावे. जयभीम.