कुलूप आपोआप उघडतं, पण किल्ली कुठे असते?

लिनक्सवर बॅकअपची डिस्क कुलूपबंद करायची तर बहुतेक जण 'लक्स' वापरतात. क्लेमेन्स फ्रुहविर्थ यांनी 2004 च्या सुमारास आखलेली ही पद्धत. गंमत अशी, की आपण टाइप करतो त्या पासवर्डने डिस्कवरची माहिती कूटबद्ध होतच नाही. ते काम एक वेगळी, यादृच्छिक मुख्य किल्ली करते. पासवर्डने बंद केलेली असते ती ही किल्ली, डिस्कच्या सुरुवातीला 'हेडर' नावाच्या भागात. म्हणून पासवर्ड बदलला तरी अख्खी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही. शिवाय एकाच मुख्य किल्लीसाठी अनेक पासवर्ड ठेवता येतात. त्यासाठी जुन्या लक्समध्ये 8 कप्पे होते, नव्यात 32 पर्यंत.

आपोआप उघडण्याची सोय यातूनच निघते. यादृच्छिक बाइटांची एक छोटी फाइल बनवून ती एका कप्प्याला पासवर्ड म्हणून जोडायची. मग 'क्रिप्टटॅब' या सेटिंगच्या फाइलमध्ये डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळखक्रमांक, आणि किल्लीच्या फाइलचा पत्ता लिहायचा, 'एफएसटॅब' या दुसऱ्या फाइलमध्ये डिस्क कुठे जोडायची ते. यूयूआयडीऐवजी 'एसडीबी' असलं नाव लिहू नये. यूएसबी डिस्कचं आजचं नाव उद्या राहीलच असं नाही. दोन्ही फाइलींत 'नोफेल' हा पर्याय मात्र हवाच. नाहीतर डिस्क लावलेली नसली की संगणक सुरू होताना दीड मिनिट ताटकळतो आणि शेवटी आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर येऊन थांबतो.

आता खरा प्रश्न. ती किल्लीची फाइल संगणकाच्याच डिस्कवर आहे. तिची परवानगी 600 ठेवली, म्हणजे फक्त रूटलाच वाचता येईल अशी, तरी ही राखण संगणक चालू असेपर्यंतच. संगणकाची डिस्क कूटबद्ध नसेल आणि चोराने ती आणि बॅकअपची डिस्क दोन्ही उचलून नेल्या, तर त्याच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्याच! आधी संगणकाची डिस्क कूटबद्ध करावी, मगच ही सोय. सतत जोडलेल्या बॅकअपचा दुसरा धोकाही आहे: संगणकात शिरलेलं खंडणीखोर सॉफ्टवेअर तोही गिळतं. त्यामुळे माझं मत, डिस्क बॅकअपपुरती जोडावी आणि काम झालं की काढावी.

आणि हेडरची प्रत घेतलीय का? हेडर बिघडलं तर पासवर्ड तोंडपाठ असूनही डिस्क उघडत नाही. 'लक्सहेडरबॅकअप' या आज्ञेने ती प्रत आजच काढा आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवा.