पेटंटचा अर्ज कुठवर आला?

पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर बारा आकडी क्रमांक टाकला की अर्जाची सगळी कुंडली समोर येते. पहिले चार आकडे वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा. तो २ असेल तर अर्ज मुंबईचा, म्हणजे अँटॉप हिलच्या कार्यालयातला. १ असेल तर दिल्लीचा. अर्जदाराची नजर मात्र थेट तळाच्या ‘स्टेटस’वर जाते, आणि गफलत तिथेच होते.

‘अवेटिंग एक्झामिनेशन’ म्हणजे अर्ज रांगेत आहे, वाट पाहायची. पण ‘अवेटिंग रिक्वेस्ट फॉर एक्झामिनेशन’ दिसलं, तर अडलंय ते अर्जदाराकडेच. अर्ज भरला की तपासणी आपसूक सुरू होते, हा समज फार महागात पडतो. त्यासाठी फॉर्म १८ आणि वेगळी फी भरावी लागते. मार्च २०२४ मध्ये नियम बदलले. नव्या अर्जांना आता ४८ ऐवजी ३१ महिनेच मिळतात. मुदत टळली की अर्ज मागे घेतल्याचं कायदा गृहीत धरतो.

‘एफईआर इश्यूड’ वाचून अनेकांचं धाबं दणाणतं. पहिल्या तपासणी अहवालात हरकती निघणं नेहमीचंच आहे: यात नवं काय, दावे मोघम आहेत, आधीचं अमुक पेटंट पाहा. हा नकार नव्हे. उत्तराला ६ महिने असतात, वेळेत मागितले तर आणखी ३. त्यानंतरही उत्तर गेलं नाही, तर कलम २१ खाली अर्ज सोडून दिल्याचं मानलं जातं. घाबरण्यापेक्षा शेजारचं ‘व्ह्यू डॉक्युमेंट्स’ उघडून अहवालाची तारीख पाहावी.

उत्तरानंतरही अर्ज बराच काळ तपासणीत राहू शकतो. त्या काळात कोणीही त्याला विरोध करू शकतं, हे या कायद्याचं मोठेपण. क्षयरोगावरच्या बेडाक्विलीन औषधाच्या एका क्षाराचा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज २००९ पासून मुंबईत होता. २०१९ मध्ये नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी त्याला आव्हान दिलं. क्षयरोगाच्या जुन्या औषधांनी दोघींची श्रवणशक्ती हिरावली होती. मार्च २०२३ मध्ये अर्ज फेटाळला गेला. ‘स्टेटस’मध्ये त्याचा निकाल तेवढा कळतो, कारणं वाचायला आदेशच उघडावा लागतो.

तुमचा अर्ज तपासणीत असेल, तर एजंटच्या फोनची वाट पाहू नका. दर महिन्याला हे पान स्वतः उघडा आणि कागदपत्रांवरच्या तारखा टिपून ठेवा.